बाकावरची जागा

माझ्या छंदाला धड नाव नाही. सुट्टीच्या दिवशी वीसेक माणसं एका शाळेच्या आवारात जमतात. मी प्रत्येकाला चिठ्ठी देतो: तुम्ही कोण, मनात काय. मग दिवसभर ती तीच माणसं होऊन वावरतात. ठरलेले संवाद नाहीत, प्रेक्षक नाहीत. खेळ थांबवायची शिट्टी तेवढी माझ्याकडे.

गेल्या खेळात सावंतकाकांना, म्हणजे एका निवृत्त कंडक्टरला, मी बापाची चिठ्ठी दिली. ‘मुलगा आजारपणात फिरकला नाही. त्याला माफ करू नका.’ मुलगा झाला होता आमचा औषधदुकानदार. काका सावलीतल्या बाकावर बसले होते. तो त्यांच्यासमोर येऊन भर उन्हात उभा राहिला. काका दुसरीकडेच बघत होते. आणि मग, मान न वळवता, ते वीतभर सरकले.

शिट्टीची वेळ झाली होती. ती माझ्या ओठांपाशी तशीच राहिली.

नंतर चहा घेताना म्हटलं, “काका, माफ करायचं नव्हतं.”

“केलंय कुठं? उन्हात उभा होता, सरकलो. जन्मभर लोकांना ‘पुढं सरका’ म्हणून ओरडलो, आज आपण सरकावं म्हटलं.”

आता सांगूनच टाकतो. ती चिठ्ठी माझी होती. वडील चार महिने अंथरुणावर होते आणि मी कामाच्या सबबी सांगत राहिलो. ते मला काय म्हणाले असते, हे इतक्या वर्षांत मी कितीदा तरी लिहून पाहिलंय. दर वेळी कठोरच निघालं. माणूस काहीही न बोलता नुसता सरकू शकतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

सगळे गेले. बाक रिकामा होता. तरी मी त्या वीतभर जागेतच अंग चोरून बसलो.