साहेब पोचतच आलेत

त्या दिवशी साहेबांचा फोन आला होता. एवढीच गोष्ट आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. शर्यतीच्या वेळेआधीच आला होता. "सर, मला उशीर होतोय. पोरांना ताटकळत ठेवू नका, तुम्ही सुरू करा," असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले. मी "हो साहेब" म्हटलं, फोन खिशात टाकला, आणि सुरू केलं नाही.

आता हे बोललो म्हणजे बाकीचंही सांगायला हवं.

मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आवाज बरा आहे म्हणून गावोगावच्या कार्यक्रमांत माईकही माझ्याच हातात येतो. उंब्रजपासून सांगलीपर्यंत कुठं गुणवंतांचा सत्कार असला की बोलावणं ठरलेलं. खरं सांगतो, या सत्कारांनी वीट आणलाय. आमच्याकडं पोरानं काही जिंकलं की पोराच्या आधी फ्लेक्स उभा राहतो. त्यावर नेते, त्यांचे चिरंजीव, त्यांच्या चिरंजीवांचे मित्र, आणि तळाशी कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं ते जिंकलेलं पोर. मग स्टेज, मग फेटे, मग शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह. कुस्तीत जिंकलेल्याला शाल, दहावी पास झालेल्याला शाल, भरती झालेल्या जवानाला शाल. रहिमतपूरला एक चाचा आहेत, कापडाचं दुकान आहे त्यांचं. मला बघितलं की हसून म्हणतात, "मास्तर, तुमच्या तालुक्यात कुणी हरत न्हाई म्हणून आमचं बरं चाललंय."

आणि या सगळ्याच्या आधी वाट बघणं. प्रमुख पाहुणे येईपर्यंत वाट बघणं. मी माईकवरून किती वेळा म्हटलं असेल, "साहेब पोचतच आलेत, अवघ्या काही क्षणांत आपल्यात असतील." साहेब तेव्हा कुठल्या तरी दुसऱ्याच गावात बारशाला असायचे. मला ते ठाऊक असायचं. समोर बसलेल्यांनाही ठाऊक असायचं. तरी मी म्हणायचो आणि ते बसायचे.

मलकापूरला हायवेच्या कडेला एका सरदारजींचं गॅरेज आहे. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बदलायचं काम. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यांना मान वर करायला सवड नसते. वडील पंजाबातून आले, हे इथंच वाढले, त्यामुळं पंजाबी घरापुरती आणि बाकी सगळी कराडची बोली. नवखा माणूस दचकतो. एवढी पगडी, एवढी दाढी, आणि तोंडातून येतं, "आवं, बसा की जरा, लय दिसानं आलासा."

त्यांची लेक माझ्या शाळेत होती. आठशे मीटर पळायची. आठशे मीटर ही वाईट शर्यत आहे. नुसता वेग चालत नाही, नुसता दमही चालत नाही, आणि दुसऱ्या फेरीत पोटऱ्या विचारतात, कशाला आलीस? त्या प्रश्नाला या मुलीकडं उत्तर असायचं. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर ती पळायची आणि मागून बाप मोटारसायकलवर, तिला उजेड मिळावा म्हणून हेडलाईट लावून. मी तिला तीन वर्षं शिकवलं. मी शिकवलं म्हणण्यापेक्षा मी घड्याळ धरलं.

त्या वर्षी गुरुनानक जयंतीच्या आधी तालुक्यात युवकांच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. आयोजनात मी. पुण्याहून एक प्रशिक्षक मुली बघायला आले होते. आठशेत पळणारी मुलगी आवडली तर आपल्या केंद्रात घेऊन जाणार, राहणं-खाणं-सराव सगळं तिथं. वयोगटाचं तिचं ते शेवटचं वर्ष. सरदारजींनी गॅरेजला चक्क कुलूप लावलं होतं, ऐन हंगामात. झेंडा दाखवायला साहेब, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, येणार होते आणि जयंतीच्या दिवशी सांगलीच्या गुरुद्वारात त्याच विजेतीचा सत्कारही तेच करणार होते. लेक जिंकणारच असं सगळ्यांनी धरलं होतं, कारण ती जिंकणारच होती.

सकाळी थंडी होती. मुलींनी अंग गरम केलं, पट्ट्यावर आल्या. तेव्हाच तो फोन आला.

सुरू का केलं नाही? याचं एक उत्तर माझ्याकडं तयार असतं. आमच्याकडं मोठी माणसं 'सुरू करा' म्हणतात तेव्हा मनात 'थांबा' असतं. एका मुख्याध्यापकांनी एकदा खरंच सुरू केलं होतं, तर पाहुणे आले ते चहासुद्धा न घेता गेले, आणि कार्यकर्ते वर्षभर त्या शाळेला वाकड्या नजरेनं बघत होते. हे घडलेलं आहे. पण हे उत्तर खोटं आहे. खरं उत्तर असं की साहेबांच्या स्वागताचं भाषण मी आठवडाभर घोकलं होतं. वर्तमानपत्रवाले कॅमेरा घेऊन आले होते. साहेबांच्या शेजारी माईक धरून उभा असलेला मी, हे चित्र मला हवं होतं. ते आल्यावर 'तुमच्यासाठी थांबलो' असं म्हणता यावं, एवढ्यासाठी मी थांबलो.

मुली अर्धा तास उभ्या राहिल्या, मग बसल्या. ऊन चढलं. ती माझ्याजवळ आली. "सर, परत वॉर्मअप करू का?"

"नको, दमशील. साहेब पोचतच आलेत."

थोड्या वेळानं पुन्हा आली. "सर, पाय गार पडले."

"बस गं सावलीत. पोचतच आलेत."

सरदारजी तारेच्या कुंपणापलीकडून म्हणाले, "सर, तुमच्या सायबाची गाडी कुठं पंक्चर झालीय काय? जॅक घिऊन जाऊ?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या खिशात तो फोन होता.

सावली सरकत कुंपणाच्या मुळाशी गेली तेव्हा साहेब आले. हलगी, लेझीम, हार. त्या गोंगाटात ते माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अहो, अजून थांबलात? मी सांगितलं होतं ना?"

"साहेब, तुमच्याशिवाय कसं?"

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. एवढीच ती कमाई. मग माझं स्वागताचं भाषण झालं, सगळं, एकही वाक्य गाळलं नाही. मग त्यांनी झेंडा हातात घेतला, मुली पट्ट्यावर धावत आल्या आणि लगेच झेंडा खाली.

पहिली फेरी ती पुढं होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा हात मांडीच्या मागं गेला. दोन पावलं लंगडली आणि बसली. पडली नाही, बसली, जसं दमलेलं माणूस कट्ट्यावर बसतं. साहेब तोवर पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते. त्यांनी ते बघितलंच नाही. पुण्याचे प्रशिक्षक आले, वाकून बघितलं, पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या मुलीचं नाव लिहून घेतलं. सरदारजींनी लेकीला दोन्ही हातांवर उचललं आणि माझ्यासमोरून नेलं. गेटपाशी थांबून, साहेबांची गाडी गेली त्या दिशेला बघून एकच शिवी दिली.

मांडी बरी झाली, पण त्या वेगाला ती पुन्हा आली नाही. पुन्हा पुन्हा ओढली जायची. दोन वर्षांनी तिनं सोडून दिलं.

तेव्हापासून मलकापूरला साहेबांचं नाव निघालं की सरदारजी म्हणतात, "त्या मानसाच्या झेंड्यापायी माझी पोर बसली." आणि तिथं मी असलो तर मी मान डोलावतो. नुसती मान डोलावतो असंही नाही. पुढाऱ्यांना वेळेची किंमत नाही, यांच्यामुळं खेळ मेले, असं मी त्यांच्याहून मोठ्यानं बोलतो. वर सत्कारांवर जो राग काढलाय ना, तो असाच वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला आहे. ऐकणाऱ्याला पटतो. मलाही पटायला लागला होता.

यंदाच्या जयंतीला सांगलीहून बोलावणं आलं. लेक आता लग्न करून सांगलीतच असते आणि मैदानावर लहान पोरांना पळायला शिकवते. तिनं शिकवलेली दोन पोरं जिल्ह्यात पहिली आली होती. गुरुद्वाराच्या मांडवात त्यांचा आणि तिचा सत्कार, साहेबांच्या हस्ते. "सर, माईक तुमीच धरा," असं सरदारजींनी फोनवर सांगितलं. साहेब येणार हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मला होतं. तेही मी सांगितलं नाही.

मी डोक्याला रुमाल बांधून आत गेलो. लंगरची वेळ झाली आणि साहेबांचा पत्ता नाही. मी तिथल्या एका वृद्ध कारभाऱ्यांना म्हटलं, "जरा थांबायचं का? पोचतच आलेत." सवयच ती. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सरजी, पंगत कुणासाठी थांबत नाही." आणि वाढप सुरू झालं. साहेब येतील, बघतील, काय म्हणतील? साहेब आले. बूट काढले, डोक्यावर रुमाल घेतला, पंगतीच्या टोकाला जागा होती तिथं मांडी घातली आणि ताट पुढं केलं. कुणी उठलं नाही. वाढणाऱ्या पोरानं इतरांना वाढली तेवढीच डाळ वाढली. साहेब जेवले, दोन रोट्या जास्तच मागून घेतल्या, आणि शेजारच्या ट्रक ड्रायव्हरशी उसाच्या दराबद्दल बोलत बसले. रागावले नाहीत. त्यांना काही खटकलंसुद्धा नाही. मी समोर बसून बघत होतो. त्या दिवशी सुरू केलं असतं तर हा माणूस असाच येऊन कडेला उभा राहिला असता.

जेवणं झाली, मांडवात खुर्च्या लागल्या आणि सरदारजी गायब. कारभारी माझ्याकडं आले. "तुमचं ऐकतात. तुम्ही आणा."

ते चपलांच्या जागेपाशी बसले होते. लोकांचे जोडे पुसून रांगेत लावायची सेवा दर वर्षी त्यांचीच असते. हातात साहेबांचे बूट होते.

"सरदारजी, चला. लेकीचा सत्कार आहे."

"न्हाई, सर." फडकं बुटावरून फिरतच होतं. "ही बघा त्याची बुटं. पुसतोय का न्हाई? ती सेवा हाय, कुनाची बुटं ते बघत न्हाई मी. पन त्याच्या हातनं माझ्या पोरीच्या अंगावर शाल? ती मी बघनार न्हाई."

"जुनं झालं आता."

"तुमाला झालं आसंल." मग माझ्याकडं बघून आवाज खाली आणला. "तुमी व्हता की तितं. तुमी किती तळमळत व्हता, मी बघितलंय. तुमी साक्षीला हाय म्हनून सांगतो, दुसऱ्या कुनाला मी ह्ये सांगत न्हाई."

तेव्हा सांगायला हवं होतं. दोघंच होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात लेक आली. "पप्पा, चला की. पोरं कवापास्नं थांबल्यात. आनखी किती येळ उभं करायचं त्यांना?"

सरदारजी उठले नाहीत. ती म्हणाली, "बरं. मी शाल घेत न्हाई, पोरांनाच द्यायला सांगते. मग तर झालं?" आणि गेली. तिनं तसंच केलं. पोरांना शाली मिळाल्या, त्यांच्या अंगावरून त्या जमिनीवर लोळत होत्या. फोटो निघाला. मी माईकवर दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. माझं एवढं छोटं भाषण कुणी कधी ऐकलं नसेल.

निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "सर, ते सरदारजी माझ्याशी बोलत नाहीत. कितीदा नमस्कार केला, तोंड फिरवतात. मी काय केलंय त्यांचं, तुम्हाला काही माहीत आहे का?"

"स्वभाव आहे, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, बूट घातले आणि गेले. बूट चकाकत होते.

एका खोट्यावर मी दोन माणसांचं वैर उभं केलंय आणि दोघांनाही मी आपला वाटतो. मुलीची शर्यत तर मी परत देऊ शकत नाही. तिची मांडी, तिचं ते शेवटचं वर्ष, यातलं काही माझ्या हातात नाही. माझ्याकडं देण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मी अजून दिलेली नाही. लेक माहेरी आली की मलकापूरच्या गॅरेजमध्ये त्या बापलेकीसमोर उभं राहून मला सांगायचं आहे, की साहेबांनी सुरू करा म्हटलं होतं, थांबवलं मी. मग साहेबांच्या दारात जाऊन तेच सांगायचं आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो.