तारेचं दुसरं टोक

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी हौशी रेडिओचा परवाना काढला. शांती नगरमधल्या आमच्या इमारतीत शेवटचा मजला माझा. सोसायटीला विचारून गच्चीवर एरियलची तार ताणली आणि रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून तासभर लांबलांबच्या माणसांशी बोलू लागलो.

काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरची मुलगी दारात आली. बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

"काका, आमच्या टीव्हीच्या स्पीकरमधून तुम्ही बोलताय. शब्द कळत नाहीत, बदक बोलल्यासारखं येतंय. तुम्ही थांबलात की तेही थांबतं."

खाली जाऊन बघितलं. स्पीकरची वायर लांबलचक होती, माझ्या लहरी तीच पकडत होती. वायर आखडून तिच्यावर लहरी अडवणारं फेराइटचं काळं कडं बसवलं. आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "स्पीकरला कळतं, मग पोटातल्या बाळाला काही होत नसेल कशावरून?"

मी हसलो. हसायला नको होतं. म्हटलं, "हे एक्स-रेसारखं नसतं गं. अगदी जवळ गेलं तर अंग तापतं, एवढंच. आणि माझा सेट छोटा आहे. काही धोका नाही."

"तुम्ही मोजलंय, की असंच सांगताय?"

मोजलं नव्हतं.

रविवारी टेप घेऊन गच्चीवर गेलो. सेटची शक्ती बघून माणसांनी तारेपासून किती लांब राहायचं, त्याचं गणित असतं. ते मांडलं. तिच्या घरात काळजीचं कारण नव्हतं. अंतर पुरेसं होतं. पण तारेचं दुसरं टोक मी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलं होतं, आणि त्याखालीच कपड्यांच्या दोऱ्या होत्या. हात वर केला की टोक लागत होतं. सेट चालू असताना सगळ्यात जास्त व्होल्टेज टोकालाच असतं. हात लागला तर भाजतं. तिची आई कपडे काढायला यायची ती संध्याकाळीच.

मी खाली जाऊन दोघींना सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "मला एकदा चटका बसला होता खरा. बोटाला फोड आला. मला वाटलं, तार उन्हानं तापली असेल."

मुलीनं विचारलं, "मग आधी 'धोका नाही' का म्हणालात?"

"मला खात्री वाटत होती म्हणून."

त्याच दिवशी तार उतरवली. नवा खांब येईपर्यंत सेट बंद ठेवला. आता दोन्ही टोकं दोन पुरुष उंच आहेत, आणि सेट कधी चालू असतो त्याची वेळ गच्चीच्या दारावर लिहिलेली आहे.

मुलगी बाळाला घेऊन सासरी गेली. बाळ छान आहे. तिची आई मात्र कपडे आता गॅलरीतच वाळत घालते. तार हलवली, हे मी तिला दोनदा सांगितलं.

"असू दे, भाऊ," ती म्हणते, "गॅलरीत वाळतात की."