घासून पुसट झालेला चारमिनार

मैत्रिणींनो, दुपारी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, घेऊन बीडला सराफाकडे गेले होते. आत्ताच परतलो, लगेच लिहून टाकते.

निजामाच्या काळातले सहा चांदीचे रुपये मोडून आत्याबाईंना पणतीच्या पायांत घालायला वाळे करायचे होते. महिनाभर मीच अडवून धरलं होतं. जुनी नाणी शौकीन लोक चांदीच्या कितीतरी पट भावाने घेतात, असं पेपरात वाचलं होतं.

सराफाने भिंग लावून एकेक रुपया पाहिला. त्यांवरचा चारमिनार पुसट झालेला, सालाचे आकडे तर दिसतच नव्हते.

"मावशी, कशानं घासता हे?"

"राखंनं अन् चिंचंनं. दर लक्ष्मीपूजनाला. लक्ष्मी काळी ठिवावी व्हय?"

"मग वहिनी, शौकीन कावून जास्ती देईल? छाप शाबूत असती तर गोष्ट येगळी. आता निस्ता चांदीचा भाव."

मी हिरमुसले. आत्याबाई मात्र खुलल्या. "लई बरं झालं! पेपर वाचून हिनं महिनाभर माझे वाळे अडवलते."

मग त्यांनी कनवटीतून एक दोरा काढला. पणतीच्या पायाचं माप. महिनाभर तो त्यांच्याजवळच होता, आणि मला पत्ताही नव्हता.

सराफ हसला. "मावशी, महिन्याभरात पाय वाढला असंल की. नवं माप आणा."

"आणते की. तेवढंच पोरीला बघणं व्हईल."

उद्या आम्ही दोघी माप घ्यायला जातोय. जुनी नाणी घासू नका, हे सांगतेच. पण खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात, तर किती दिवस अडवलं असतं?