आखाजीला येते म्हणाले होते

मी लेडीज टेलर आहे. टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही आणि स्वतः पाहिल्याशिवाय कुणाचं काही खरं मानत नाही. गल्लीत कुणी भुताखेताचं सुरू केलं की मी सरळ म्हणायचे — "चहा झाला असेल तर निघा आता." तेव्हा या सदरातले अनुभव वाचून गालात हसणाऱ्यांनी मलाही खुशाल हसावं, मी तुमच्यातलीच होते. आणि कपाळ माझं, आता जे सांगणार आहे ते मी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. पाहिलं ते इतरांनी. मी तेव्हा समुद्रापलीकडे होते.

माझं माहेर अमळनेर, सासर धुळं. नवरा ट्रकवर होता. वैशू, माझी मुलगी, तीन वर्षांची असताना एक दिवस त्याने आम्हा दोघींना धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीत बसवलं. "आठ दिवसांनी न्यायला येतो," म्हणाला. पुढे कळलं की इंदूरला त्याचं दुसरं घर आहे. त्या आठ दिवसांची मी वर्षभर वाट बघितली, मूर्ख कुठली!

आबा — माझे वडील — तेलाच्या मिलमध्ये होते आणि मिल तेव्हा आज बंद पडते का उद्या, अशी चालली होती. मी शिवणकाम करायचे, पण ब्लाउज शिवून तीन-चार माणसांचं घर किती दिवस ओढणार? गल्लीतल्या एका बाईच्या भावाचं मस्कतला शिवणाचं वर्कशॉप होतं, शाळेचे युनिफॉर्म शिवायचे. त्याने व्हिसा पाठवला, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट, वैशू चार वर्षांची.

निघायच्या दिवशी ती माझा पदर सोडेना. "कधी येशील? सांग ना, कधी येशील?" आता चार वर्षांच्या पोरीला काँट्रॅक्ट काय समजावणार? दारासमोर निंब होता, त्याला आखाजीचा झोका अजून तसाच बांधलेला होता. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, सांजोऱ्या, हातभर नव्या बांगड्या... मी म्हटलं, "आखाजीला येते बाळा. सगळ्यांच्या आया येतात ना माहेरी? मीपण येते. तुला उंच झोका देते."

येणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. नवऱ्याने स्टँडवर केलं तेच मी दारात केलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मस्कतला वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आम्ही सहा जणी राहायचो. पासपोर्ट मालकाकडे. सुट्टी मागितली की त्याचं ठरलेलं उत्तर, "सीझन झाल्यावर बघू." सीझन काही होत नव्हता. काचेच्या बांगड्या घालायला बंदी, फुटून काच कपड्यात जाते म्हणून. माझे हात तीन वर्षं भुंडे होते. पहिली आखाजी आली नि गेली. मी मशीनवर होते, दिवसभर प्लीटचे स्कर्ट शिवत. आबांचं पत्र आलं, "आखाजी चांगली झाली, वैशू आनंदात आहे." खाली वैशूच्या हाताच्या रेघोट्या आणि आबांनी तिचं म्हणणं उतरवलेलं — "आई, तू झोका खूप उंच दिला. मी भ्याले नाही." पोरीची समजूत काढायला आबांनी काहीतरी सांगितलं असेल असं मला वाटलं. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं आणि मशीनवर बसले.

दुसऱ्या वर्षी आखाजीच्या चार दिवस आधी इस्त्रीने माझा डावा हात भाजला, मनगटाच्या आतल्या बाजूला, इस्त्रीच्या टोकाएवढा. चांगलाच भाजला, फोड फुटला. घरी काही कळवलं नाही. उगाच जिवाला घोर कशाला? एवढं लक्षात ठेवा, त्या डागाबद्दल अमळनेरात कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

काँट्रॅक्ट संपून वर एक वर्ष झालं तेव्हा कुठे महिनाभराची सुट्टी मिळाली. नव्वद साली, आखाजीला चार दिवस उरलेले असताना मी जळगावला गाडीतून उतरले. पिशवीत बाहुली, फ्रॉक, चॉकलेटं, काय काय! घरी पोचले तर वैशू ओट्यावर बसलेली. सात वर्षांची झालेली. मी हात पसरले आणि ती उठून आजीच्या मागे गेली.

"ही कोण?"

माझी माय म्हणाली, "पोर शे ती... तीन साल झायात. इसरी गई व्हई." मीही तेच धरून चालले. मुलं विसरतातच हो. पण वैशू विसरली नव्हती! दुसऱ्या दिवशी बाहुली पुढे केली तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझी आई आखाजीला येणार आहे. दरवर्षी येते. तिच्या हातात हिरव्या बांगड्या असतात. तुमच्या नाहीत."

मी मायकडे बघितलं. माय म्हणाली की आखाजीला ती चुलीपाशीच असते. बाहेर झोक्यावर वैशू खिदळताना ऐकू यायची. संध्याकाळी तिची वेणी घातलेली असायची, तेल लावून, चापूनचोपून. "कोन्ही बी घाली दिधी व्हई," असं मायला वाटलं. बरोबरच आहे... आखाजीला गल्लीत इतक्या माहेरवाशिणी असतात, एक जास्त आली तर कोण मोजतंय? आबा मात्र उठून बाहेर गेले.

तरीही मी मानलं नाही. शेजारची कुणीतरी पोरीचे लाड करत असेल. बांगड्याच हव्यात ना हिला? घालते बांगड्या! आखाजीच्या आदल्या दिवशी कासारीण मावशी नेहमीसारखी गल्लीच्या टोकाच्या ओट्यावर टोपलं मांडून बसली होती. मी पुढ्यात बसले. तिने माझा डावा हात घेतला, मऊ करायला दाबला, उलटा केला आणि थांबली.

"भरना का वं डाग? मागला साल वला व्हता. तू मांडीवर पोरगीले लिसन बठनी व्हती. मी किती जपीसन भर्‍यात, तरी तुना डोयाले पानी उनं."

मी म्हटलं, "मावशी, कुणाचा हात? मी तर मस्कतला होते."

झालं! म्हातारी भडकलीच. "मी तोंड इसरस, हात इसरस नही! डझनभर हिरव्या भर्‍यात, ह्याच मापन्या." आणि तिने हिरव्या बांगड्या उचलल्या, माप न विचारता, एकामागून एक भरल्या. बरोब्बर बसल्या. डाग ओला होता हे तिला कुणी सांगितलं? सांगा ना, कुणी?

आखाजीच्या दिवशी वैशू सकाळपासून झोक्यावर बसली. मी हिरवी साडी नेसून, बांगड्या वाजवत गेले. "मी देऊ झोका?" तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. "आई देईल." तिने स्वतःही पाय मारला नाही. जेवायला उठली नाही. पुरणपोळी आणि आमरस तिथे नेऊन दिला, तो तसाच राहिला. गल्लीतल्या बायका गाणी म्हणत होत्या आणि माझी लेक न हलणाऱ्या झोक्यावर बसून गल्लीच्या टोकाकडे बघत होती. मी ओट्यावर बसून होते. काय करणार होते मी? कुणाला हाक मारणार? स्वतःलाच?

दिवेलागणीला ती उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि रडायला लागली, "तुम्ही आलात म्हणून ती नाही आली. तुम्ही जा ना परत."

आणि मी गेले हो... महिना संपला, नव्या काँट्रॅक्टवर सही केलेली होती. पुढच्या आखाजीला मी, कुणालाही न मानणारी बाई, मशीन बंद करून डोळे मिटून बसले आणि म्हटलं, जी कुणी असशील ती जा बाई, माझ्या पोरीला एक झोका देऊन ये. मालकाने शिव्या घातल्या. पंधरा दिवसांनी आबांचं पत्र आलं. वैशू अंधार पडेपर्यंत बसली होती, कुणी आलं नव्हतं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. ते वर्कशॉप सोडलं, मस्कतलाच स्वतःची दोन मशीनं टाकली. वैशू दहा वर्षांची झाल्यावर तिला घेऊन गेले. वेगळी खोली, चांगली शाळा, जे जे माझ्या हातात होतं ते दिलं. ती मला आई म्हणायला लागली, पण शाळेतल्या बाईंना बाई म्हणावं तसं.

शहाण्णव साली आबा अंथरुणाला खिळले म्हणून मी आले. एका दुपारी माय शेजारी गेली होती, तेव्हा आबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "माझ्याकडून एक चूक झाली आहे."

एकोणनव्वदच्या आखाजीला त्यांनी तिला पाहिलं होतं. पाठमोरी, झोका देताना, मनगटावर ओली जखम. "तूच होतीस. हाक मारली नाही, म्हटलं हाक मारली तर जाईल, पोर रडेल. पण मला वाटलं, तू तिकडे... गेलीस. जिवंत माणूस असं कसं येईल?" आमच्याकडे आखाजीलाच गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, नैवेद्य दाखवतात. त्यांची तहान भागते, ती निवांत होतात, मागे वळत नाहीत असं म्हणतात. आबांनी त्या संध्याकाळी कुणाला न सांगता कुंभाराकडून एक घागर आणली आणि बोरी नदीच्या काठी माझ्या नावाने भरली. बापाने, लेकीच्या नावाने! दोन आठवड्यांनी माझं पत्र आलं, मी खुशाल असल्याचं. ते पत्र हातात घेऊन ते रडले होते म्हणे.

"पण भरलेली घागर परत कशी घेणार, पोरी?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांचे पाय दाबत राहिले.

माझ्यातून कोण जात होतं, कसं जात होतं, मला काही कळत नव्हतं तर जखम तिच्याही हातावर कशी होती... अनेकांना विचारलं. डॉक्टर मनाचे खेळ म्हणाले, एक महाराज भलतंच काही म्हणाले. कासारीण मावशीचं बोलणं कुणालाच उलगडलं नाही. मलाही नाही.

वैशूचं लग्न जामनेरला करून दिलं. मी आता अमळनेरलाच असते, दुकान गल्लीतच आहे. दर आखाजीला ती येते, तिची मुलगी त्याच निंबाच्या झोक्यावर बसते आणि झोका मी देते, हिरव्या बांगड्या घालून. नात खिदळते, "अजून उंच, आजी!" वैशू ओट्यावर बसलेली असते. तिचं लक्ष आमच्याकडे नसतं, गल्लीच्या टोकाकडे असतं. झोका देता देता मीही तिकडेच बघत असते.