वाकडं ॲसिटिलीन
वेल्डिंगच्या दुकानापाशी कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीनचा उग्र वास आला की मला बी.एस्सी.ची तोंडी परीक्षा आठवते. नापास झाले तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. ॲसिटिलीनचा सरळ रेषेतला रेणू दाखवायला मी मातीचे चार गोळे खराट्याच्या काडीत ओवून जिंतूरहून एसटीनं परभणीला नेले आणि धक्क्यांनी काडी वाकली. “रेणू वाकडा का?” परीक्षकांनी विचारलं. “सर, रस्ता लय खराब हाय.” मग एसपी संकरण, एकशे ऐंशी अंशांचा कोन, उरलेले दोन पी कक्षक एकमेकांना काटकोनात, सगळं घडाघडा सांगितलं. “बरोबर, पण हा वाकडा का?” शेवटी मी वैतागले, “सर, रेणू सरळच हाय, वाकडा खराटा हाय!” त्यांनी पास केलं, पण मी निघताना म्हणाले, “पुढच्या वेळी सरळ आण.” रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, तरी ते वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं.