नळीच्या पलीकडे किसन

किसन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी राजा होतो. कळंबला दंडारीचा खेळ होता, निम्मा चेहरा रंगवून झाला होता. तसाच निघालो. सकाळी बोरी अरबला पोचलो, तर चिता विझलेली. एका गालावर राजा, दुसऱ्या गालावर मी… किसननं पाहिलं असतं तर पोट धरून हसला असता. तीन दिवस तो ‘सोंगाड्याले बोलवा’ म्हणत होता. मला कळलंही होतं. मी म्हटलं, खेळ आटोपून जाऊ.

किसनचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पण अडाण नदीच्या डोहात काही बुडालं की लोक त्यालाच हाक मारत. काठालगत पाण्याखाली मोठा खडक पसरलेला, त्याच्या पोटात कपार. बुडालेलं तिथं अडकायचं. किसन काठावरून त्या खडकावर चालत जायचा, डोकं हातभर पाण्याखाली, दातांत रबरी नळी. श्वास घेऊन वाकायचा, कपार चाचपायचा, पुन्हा उभा राहून श्वास घ्यायचा. नळीचं वरचं टोक मी काठावर धरायचो.

“तू बोलत राह्य बाप्पा,” तो म्हणायचा. “खाली अंधार असते. तुहं बोलणं मले कानात नाही, दातात आयकू येते.”

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात, म्हैस धुताना माझा धाकटा भाऊ वसंता बुडाला. किसन पाण्यात शिरला. मी नळी धरली आणि माझा आवाजच फुटेना. नळीला तीन हिसके बसले… बोल! मग जे तोंडपाठ होतं तेच निघालं, दंडारीतल्या राजाचं. “आमी राजे हाओ! पण आमचं एकुलतं धोतर वाळून राह्यलं, म्हणून दरबार उद्या भरन!” पुन्हा पुन्हा तेच. मागून कुणी ओरडलं, “भावाचं मढं सापडून नाही राह्यलं, अन् हा नकला करून राह्यला! लाज हाये का नाही?” आईनं माझ्याकडे पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही. मी थांबलो नाही.

किसननं वसंताला खांद्यावर घेऊन वर आणलं. किसनचेही ओठ निळे पडलेले. आईला म्हणाला, “माय, याले काही बोलू नको. हा थांबला असता, तर मी वसंताचा हात सोडून पळालो असतो.”

आई नंतर माझ्याशी बोलली, पण माझ्या खेळाला कधी आली नाही.

परवा किसनच्या बायकोकडे, शेवंतावहिनींकडे गेलो. दुकानातल्या खिळ्यावर नळी तशीच लटकत होती, टोकाला त्याच्या दातांच्या खुणा. “दातात आयकू येते म्हणायचे,” वहिनी म्हणाल्या. “मले कधी पटलं नाही, भाऊजी.” त्यांनी पदरानं ते टोक पुसलं, आणि त्याच खुणांवर दात टेकवले. दुसरं टोक माझ्यापुढे धरलं.

मी ते तोंडाशी नेलं. वहिनींनी नळीला हिसका दिला.

“आमी राजे हाओ…” मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. मी थांबलो नाही.