पिवळ्या कार्डांची रांग

तोळेमामांनी जन्मभर एकच काम केलं, आणि ते कुणाला सांगितलं तर लोक हसायचे. मांजरांनी ताटलीत किती टाकलं ते मोजायचं. एकतीस वर्षं! लशी बनवणाऱ्या संस्थेच्या मागच्या अंगाला आमचं प्राणीघर आहे. तिथे ते जनावरं सांभाळायचे आणि मी ताटल्या, पिंजरे धुवायचे. सकाळी खाणं घालायचं, दुपारी उरलेलं काट्यावर ठेवायचं, पेन्सिलीनं वहीत उतरवायचं. काटा एका ग्रॅमनं हलला तरी पुन्हा वजन. सोनाराच्या वरताण! म्हणून तोळेमामा. नाव मीच ठेवलं. त्यांना ते आवडलं नाही, म्हणून टिकलं.

स्वभावानं गोड वगैरे मुळीच नव्हते. बाहेरून काटे आणि आतूनही काटेच. पिंजरा धुवायला घेतला की त्याच्यावरचं कार्ड काढावं लागतं. तर मामा एका वेळी एकच पिंजरा द्यायचे आणि मी तो परत देईपर्यंत कार्ड दातांत धरून उभे राहायचे. "अहो, दोन-दोन द्या की, माझी कंबर मोडतेय," मी म्हणायचे. ते दातांतूनच गुरगुरायचे. इतक्या वर्षांत दोन पिंजरे कधी दिले नाहीत. मला भारी राग यायचा.

तर झालं असं, की मांजरांच्या एका तापावर नवी लस काढली होती. हा ताप आला की पोटात पाणी भरतं आणि मांजर जातं. वीस मांजरं आणली. दहांना लस टोचली, त्यांना पिवळी कार्डं. दहांना नुसतं पाणी टोचलं, त्यांना पांढरी. महिन्याभरानं सगळ्या विसांना तो रोग दिला. पिवळी वाचावीत आणि पांढरी आजारी पडावीत, अशी अपेक्षा. मामांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना नावं ठेवली होती. कोणी हवालदार, कोणी सासूबाई. सासूबाई पिवळ्या रांगेत, खायला पहिली, फिस्कारायलाही पहिली.

आठव्या दिवशी सासूबाईनं ताटलीत अर्धं टाकलं. नवव्या दिवशी पिवळ्या रांगेतल्या सहांनी टाकलं. पांढरी रांग मात्र ताटल्या चाटूनपुसून बसलेली. मामा वही घेऊन तडक मोठ्या साहेबांकडे गेले. "साहेब, लस टोचलेली आधी आजारी पडतायत." साहेबांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "उन्हाळा आहे, खात नसतील." जणू ऊन फक्त एकाच रांगेत पडत होतं!

पंधरा दिवसांत नऊ मेली. त्यांतली आठ पिवळी. तेव्हा कुठे साहेब उठले. आले ते थेट मामांसमोर उभे राहिले. "लस टोचलेली आधी मरतील कशी? उलटं झालंय म्हणजे कार्डं उलटी लागलीयत. पिंजरे धुताना कार्डं कोण काढतं?"

"मी," मामा म्हणाले.

"मग झालं तर!"

काय झालं तर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसानं एकतीस वर्षं दातांत कार्ड धरलं आणि हे चार वर्षांपूर्वी आलेले त्याच्यावर खापर फोडणार! मामा एवढंच म्हणाले, "साहेब, प्रत्येकाच्या कानात नंबर गोंदलाय. कुठल्या नंबराला लस दिली त्याची यादी तुमच्या कपाटात आहे. कान बघा." साहेब म्हणाले, "बघू नंतर."

नंतर म्हणजे कागद आला. टाइप केलेला. 'पिंजरे धुताना माझ्या हातून दोन्ही रांगांच्या कार्डांची अदलाबदल झाली, हे मी मान्य करतो.' खाली मामांचं नाव, सहीसाठी रेघ. सही केली तर प्रकरण मिटलं, आठ महिन्यांनी सन्मानानं निवृत्ती. नाही केली तर चौकशी आणि घरी. मुदत सोमवारपर्यंत. आणि सही झाली की साहेब सगळे आकडे उलटे करणार होते. मेलेली आठ पिवळी 'लस न दिलेली' ठरणार, जगलेली नऊ पांढरी 'लस दिलेली'. लस पास! मग ती घराघरांतल्या मांजरांना टोचायला मोकळे.

आता माझं ऐका. मी काय केलं? मी मामांना म्हटलं, "करा की सही. कशाला म्हातारपणी डोक्याला ताप? मांजरंच आहेत."

मामांनी काट्यावरची ताटली खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकले. "मांजरंच आहेत? कुणाच्या तरी पोरीच्या मांडीवर बसणारं मांजर टोचून घ्यायला नेतील, आणि ते त्याच टोचण्यापायी मरेल. आणि खाली सही माझी?"

मीही कुठे गप्प बसणारी! "तसं असेल तर आगच लागो तुमच्या लशींना. माझ्या नातवाला उद्या टोचायला न्यायचंय, मी नेतच नाही."

"मूर्ख आहेस का तू?" मामा ओरडले. खरंच ओरडले, मांजरं कोपऱ्यात गेली. "त्याला टोचतात त्या लशी अशा कितीतरी ताटल्या मोजून बाहेर पडल्यायत. बिघडलेली इथेच अडावी म्हणून तर आपण मरमर करतो. ही अडवायची सोडून तू त्या चांगल्यांवर राग काढतेस? मुकाट्यानं ने त्याला."

नेलं. पण सहीचं मात्र मनातून जाईना. कारण लस टोचल्यावर त्याच महिन्यात एकदा धुण्याच्या खोलीतला नळ फुटला होता, घोट्यापर्यंत पाणी, सगळी धावपळ. तेव्हा मामांनी काय केलं ते मी पाहिलं नव्हतं. कोण जाणे, माझ्या मनात आलं, झालंही असेल.

सोमवारी डॉक्टरीणबाई रजेवरून परत आल्या. लस त्यांनीच टोचली होती. मामा सकाळपासून त्यांच्या दाराशी उभे. साहेबही आले, हातात तो कागद. "सही झाली का?"

"कान बघा, मग सही मागा," मामा म्हणाले.

"त्याची काही गरज नाही."

डॉक्टरीणबाई जरा घाबरल्यासारख्या दिसल्या. मग म्हणाल्या, "साहेब, यादी माझ्या अक्षरात आहे. वीस कान बघायला कितीसा वेळ लागतो?"

मामांनी एकेक जिवंत मांजर उचललं, कान उलटा करून दिव्याखाली धरला. बाईंनी नंबर वाचला, यादीवर टिक केली. अकरा झाली. मग मामांनी फ्रीझर उघडून मेलेली नऊ काढली. सासूबाईचा कान बर्फानं कडक झाला होता, तो त्यांनी तळहातात धरून सैल केला. विसाच्या वीस बरोबर! एक कार्ड इकडचं तिकडे नव्हतं.

मी बाईंना विचारलं, "पण लस घेऊन आधी मरतात कशी हो?" त्या म्हणाल्या, "लस घेतली की अंगात राखणदार तयार होतात. या लशीचे राखणदार विषाणूला पकडतात, पण मारू शकत नाहीत. उलट त्याला धरून थेट पेशीत नेऊन सोडतात. बहुतेक लशींत असं होत नाही. क्वचित एखादीत होतं. म्हणून आधी तपासायचं."

साहेबांचा चेहरा पडला होता. "ठीक आहे, लस थांबवू. तुम्ही उगाच मनावर घेतलंत मामा," असं म्हणून कागद फाडायला लागले.

मामांनी त्यांचं मनगट धरलं. साहेबांचं! "फाडू नका. त्याच्याच खाली लिहा, कार्डं बरोबर होती. आणि सही तुमची."

साहेबांनी लिहिलं. खाली सही केली. मामांनी कागद घडी करून वहीत ठेवला आणि ताटल्या गोळा करायला गेले, कारण दुपारचं वजन राहिलं होतं.

मी मागोमाग गेले. मला वाटलं आता हसतील, काहीतरी टोमणा मारतील. म्हटलं, "जिंकलात की हो मामा! कसं तोंड झालं त्याचं!"

ते काट्यावरून नजर न उचलता म्हणाले, "त्यांचं सोड. ते मला चार वर्षं ओळखतात. तू एकवीस वर्षं समोर उभी आहेस. तुला वाटलं होतं ना, माझ्या हातून झालं असेल?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ उचललीही होती.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आकडा लिहिला आणि पुढची ताटली मागितली.